सकाळचे १८०, दुपारचे ५०: सांगलीतल्या एका गच्चीवरचा हिशेब

जानेवारीचा मध्य, गळीत हंगाम भरात. सांगलीत कृष्णेपासून फार लांब नसलेल्या एका गच्चीवर पीएम २.५ (हवेतले अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक कण) मोजणारा लेसरचा छोटा सेन्सर टांगलेला आहे. सकाळी सात वाजता तो १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर दाखवतो, दुपारी एक वाजता ५०. त्याच वेळी आर्द्रता सकाळी ९० टक्के आणि दुपारी ३५ टक्के. खाली चौकात यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, रात्री शिवारात पाचट पेटवलं, त्याचाच हा धूर. दुसरं म्हणतं, कसला धूर, नदीकाठचं धुकं आहे, उन्हं वर आली की आपोआप जातं.

दोन्हींत तथ्य आहे. कशात किती, हे प्रकाश मोजून बऱ्यापैकी सांगता येतं, पण त्यासाठी एक उपकरण पुरत नाही. खाली दिलेली यंत्रांची वाचनं आणि थरांच्या उंच्या हिशेब उघडा दिसावा म्हणून घेतलेले नमुना आकडे आहेत. स्थिरांक, सूर्याची स्थिती, सूत्रं आणि चुकांचं प्रमाण मात्र खरं आहे. स्वतःची वाचनं त्या जागी घालून हाच हिशेब कुणालाही करता येईल.

सेन्सर नेमकं काय बघतो

आत एक छोटा पंखा हवा ओढतो, लाल लेसरचा झोत त्या हवेवर पडतो आणि कणांवरून बाजूला उधळलेला प्रकाश एक फोटोडायोड टिपतो. वजनाचा इथं कुठेही संबंध येत नाही. उधळलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार, आकारावरून आकारमान आणि कारखान्यात ठरवून ठेवलेल्या घनतेवरून वजन, अशी ही सगळी अंदाजांची साखळी आहे.

गोल कणावरून किती प्रकाश उधळतो याचं पूर्ण गणित गुस्ताव मी यांनी १९०८ साली मांडलं, आणि आजही एरोसोल (हवेत तरंगणारे कण) प्रकाशाने मोजणाऱ्या उपकरणांच्या पोटात तेच आहे. कण तरंगलांबीपेक्षा फारच लहान असेल तर उधळण व्यासाच्या सहाव्या घाताने वाढते. व्यास २४ टक्क्यांनी वाढला की १.२४ चा सहावा घात, म्हणजे ३.६ पट. कण तरंगलांबीच्या जवळ आला की ही वाढ मंदावते, पण तरी ती वजनाच्या वाढीबरोबर चालत नाही.

२४ टक्के हा आकडा उगाच घेतलेला नाही. पाण्याची कमी ओढ असलेला धुराचा कण ९० टक्के आर्द्रतेत साधारण एवढाच फुगतो. पाण्याची ओढ मोजायला कप्पा हा गुणांक वापरतात. कणाचं आकारमान किती पट होतं ते १ + कप्पा × आर्द्रता ÷ (१ − आर्द्रता) या सूत्राने मिळतं. ताज्या धुरासाठी कप्पा ०.१ च्या आसपास धरतात आणि सल्फेट-नायट्रेट मिसळलेल्या जुन्या कणासाठी ०.३ च्या आसपास. ९० टक्क्यांना पहिल्याचं आकारमान १.९ पट होतं, दुसऱ्याचं ३.७ पट.

याहून वाईट गोष्ट म्हणजे उंबरठा. हे सेन्सर ०.३ मायक्रॉनखालचे कण धड मोजतच नाहीत. कोरडा असताना ०.२५ मायक्रॉनचा असलेला कण सेन्सरला दिसत नाही. ओल्या हवेत तोच ०.३१ होतो आणि एकदम मोजणीत शिरतो. सेन्सरच्या लेखी हवेत नवा कण जन्माला आला.

यावर प्रचलित उपाय म्हणजे आर्द्रतेचा भागाकार. भाजक = १ + (कप्पा ÷ १.६५) × आर्द्रता ÷ (१ − आर्द्रता), यात १.६५ ही कोरड्या कणाची घनता. ९० टक्क्यांना कप्पा ०.३ धरला तर भाजक २.६४ येतो आणि १८० चे ६८ होतात. कप्पा ०.१ धरला तर भाजक १.५५, आणि १८० चे ११६. म्हणजे कण कशाचा आहे हे आधी माहीत असेल तरच दुरुस्ती करता येते, आणि कण कशाचा आहे हाच तर आपला प्रश्न आहे.

त्यात आर्द्रतामापकाची चूक मिसळा. स्वस्त मापकाला ±३ टक्क्यांची चूक सहज असते. कप्पा ०.३ कायम ठेवून ८७ टक्के धरले तर उत्तर ८१, आणि ९३ धरले तर ५३. शिवाय डबीतल्या सर्किटच्या उबेने मापकाला बाहेरच्यापेक्षा कमी आर्द्रता दिसते. तेव्हा एका १८० मधून ५३ पासून ११६ पर्यंत काहीही काढता येतं. इथं थांबून कुणी एक आकडा ठासून सांगत असेल तर त्यावर विसंबू नये.

सूर्याकडे रोखलेलं उपकरण

सनफोटोमीटर सूर्याचा थेट प्रकाश ठरावीक तरंगलांब्यांवर मोजतो आणि वातावरणात शिरण्याआधीच्या प्रकाशाशी ताडून बघतो. वाटेत जेवढा प्रकाश गळाला त्यातून हवेच्या रेणूंचा आणि ओझोनचा वाटा वजा केला की उरते ती कणांची प्रकाशीय जाडी, म्हणजे एओडी. हातात धरायच्या उपकरणाचं दृष्टिक्षेत्र साधारण २.५ अंश असतं, आपोआप सूर्य शोधणाऱ्या एरोनेटच्या (अशा उपकरणांच्या जागतिक जाळ्याच्या) उपकरणाचं १.२ अंश. पुण्यात आयआयटीएमच्या (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या) आवारात एरोनेटचं केंद्र २००४ पासून आहे, त्यामुळे आपल्या भागातल्या वाचनांना ताडून बघायला जवळचा आधार मिळतो.

सांगलीसाठी आधी वेळेचं गणित नीट बसवावं लागतं. सांगली पूर्व रेखांश ७४.५७ च्या आसपास आहे आणि भारतीय प्रमाणवेळ ८२.५ ची. त्यामुळे ३२ मिनिटांचा फरक आणि जानेवारीच्या मध्यात कालसमीकरणाची (घड्याळ आणि सूर्य यांच्यातल्या वर्षभर बदलत्या फरकाची) आणखी ९ मिनिटं धरून सूर्य दिवसातल्या सर्वांत उंच जागी येतो तो १२ वाजून ४१ मिनिटांनी. सूर्योदय ७ वाजून ५ मिनिटांच्या सुमारास. म्हणजे ज्या सातच्या १८० वरून वाद आहे त्या वेळी सनफोटोमीटरला बघायला सूर्यच नसतो. साडेआठला सूर्यकिरण हवेतून सरळ माथ्यावरून येणाऱ्या किरणाच्या सव्वातीन पट वाट कापून येतात, दहाला १.७३ पट आणि भर दुपारी १.२७ पट. या पटीला एअरमास म्हणतात.

दहा वाजताचं ५०० नॅनोमीटरचं एक वाचन पूर्ण सोडवून बघू.

उपकरणाचा वातावरणाबाहेरचा व्होल्टेज, सूर्य सरासरी अंतरावर असताना: १२०० मिलिव्होल्ट. जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या जवळ असते, अंतर सरासरीच्या ०.९८३६ पट. म्हणून १२०० ला ०.९८३६ च्या वर्गाने भागून १२४०. गच्चीवर मिळालेला व्होल्टेज ४४४. १२४० ÷ ४४४ चा नैसर्गिक लॉग १.०२७. त्याला १.७३ ने भागून एकूण प्रकाशीय जाडी ०.५९४. हवेच्या रेणूंचा वाटा समुद्रसपाटीला ०.१४३ असतो. सांगली साधारण ५५० मीटरवर आहे, हवेचा दाब ९५० हेक्टोपास्कलच्या आसपास, म्हणून ०.१४३ × ०.९३७ = ०.१३४. ओझोन २६० डॉब्सन (ओझोन मोजायचं एकक) धरला तर त्याचा वाटा ०.००८. दोन्ही वजा करून कणांची एओडी ०.४५.

पृथ्वी-सूर्य अंतराची दुरुस्ती विसरली असती तर हीच ०.४३ आली असती. फरक छोटा वाटतो, पण तो सगळ्या तरंगलांब्यांवर सारखाच येतो, आणि मग घोटाळा पुढच्या पायरीवर होतो.

ती पुढची पायरी म्हणजे अँगस्ट्रॉम घातांक. १९२९ मध्ये अँगस्ट्रॉम यांनी दाखवलं की तरंगलांबी वाढली की एओडी एका घाताने कमी होते, आणि तो घात कणाचा आकार सांगतो. बारीक धुराला तो दीड ते दोनच्या दरम्यान, जाड धुळीला शून्य ते अर्धा. आपल्या नमुन्यात ४४० ला ०.५३, ५०० ला ०.४५, ६७५ ला ०.३०, ८७० ला ०.२१. ४४० आणि ८७० वरून घातांक १.३६ येतो. प्रत्येक एओडीत ०.०१ ची चूक धरली तर घातांकात ±०.०८. म्हणजे जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेत बारीक कणांचंच राज्य आहे, थोडी धूळ मिसळलेली.

इथं एक मोह आवरावा लागतो. ४४० ते ६७५ चा घातांक १.३३ आणि ६७५ ते ८७० चा १.४१ निघतो. लांब तरंगलांबीकडे उतार वाढणं हे बारीक कणांचं लक्षण असतं, धूळ असती तर उलट झालं असतं. वाक्य पुस्तकाप्रमाणे बरोबर आहे, पण दुसऱ्या घातांकातली चूक ±०.२३ आहे आणि फरक आहे ०.०८ चा. या वाचनावरून तो निष्कर्ष काढता येत नाही.

सनफोटोमीटर कुठे फसतो

काचेवरचं बोट. गळीत हंगामात सांगलीकरांना दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर बसणारी काळी चिप्पी ठाऊक आहे. अशी एक चिप्पी खिडकीच्या काचेवर बसते, माणूस ती अंगठ्याने पुसतो आणि काचेवर तेलकट फटकारा राहतो. प्रकाश तीन टक्के कमी झाला तर दहा वाजता प्रत्येक तरंगलांबीवर एओडी ०.०१८ ने वाढते. ०.५३ ला ती वाढ जाणवत नाही, ०.२१ ला जाणवते. घातांक १.३६ वरून १.२९ वर घसरतो आणि कागदावर धूळ वाढलेली दिसते. चिप्पी आधी फुग्याच्या ब्लोअरने उडवावी, मग लेन्सच्या कागदाने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. सदऱ्याच्या टोकाने कधीच नाही.

दाबाचा आकडा. उपकरण आदल्या दिवशी महाबळेश्वरला नेलं होतं आणि त्यात नोंदलेली जागा बदलायची राहिली, हा नेहमीचा प्रकार. तिथला दाब साधारण ८६० हेक्टोपास्कल. त्यावर सांगलीत मोजलं तर रेणूंचा वाटा कमी वजा होतो. ५०० ला ०.०१३, ४४० ला ०.०२१ आणि ३४० ला तर ०.०६ एवढी जादा एओडी राहते. या वेळी चूक उलट दिशेने जाते, घातांक वाढतो आणि धूर जास्त दिसतो.

घड्याळ. साडेआठला एअरमास एका मिनिटात एक टक्क्याहून जास्त बदलतो. पाच मिनिटांची चूक म्हणजे एकूण जाडीत साडेपाच टक्के. दुपारी तेवढीच चूक कुणाच्या लक्षातही येत नाही.

विरळ ढग. डोळ्याला निरभ्र दिसणाऱ्या आभाळातही वर पिंजलेल्या कापसासारखा पातळ थर असतो. यासाठी अर्ध्या अर्ध्या मिनिटाने तीन वाचनं घ्यायची. तिन्हींत ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल तर तो संच टाकून द्यायचा. टाकून द्यायला हात आखडतो, पण द्यायचाच.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा तो १२०० चा आकडा. तो काढायची पद्धत लँगली यांच्या नावाने ओळखली जाते. सकाळी एअरमास ५ पासून २ वर येईपर्यंत वाचनं घ्यायची, व्होल्टेजचा लॉग उभ्या अक्षावर आणि एअरमास आडव्या अक्षावर मांडायचा, आणि रेषा शून्य एअरमासपर्यंत मागे न्यायची. सांगलीत जानेवारीत हा पट्टा आठ ते साडेनऊ असा दीड तासाचा आहे. पण त्या दीड तासात एओडी स्थिर राहिली पाहिजे, आणि सांगलीच्या गच्चीवर ती राहत नाही.

फसवणूक कशी होते ते बघण्यासारखं आहे. समजा त्या दीड तासात एओडी हळूहळू फक्त ०.०३ ने वाढली, आणि वाढ एअरमासच्या व्यस्त प्रमाणात झाली. मग सगळे बिंदू एका सरळ रेषेवर सुरेख बसतात, पण रेषा जिथे अक्षाला छेदते तो आकडा सुमारे दहा टक्क्यांनी कमी येतो. दहा वाजताच्या एओडीत त्यामुळे ०.०६ ची तूट. रेषा सरळ आली म्हणून कॅलिब्रेशन बरोबर, असं अजिबात नाही. म्हणून हे काम उंचावर करतात. एरोनेटची मुख्य उपकरणं हवाईतल्या मौना लोआवर, ३४०० मीटरला तपासतात. आपल्याकडे जवळचा पर्याय महाबळेश्वरचा. तिथे आयआयटीएमची ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा २०१२ पासून सुमारे १३५० मीटरवर आहे. हिवाळ्यात पहाटे खोऱ्यातला थर पठाराच्या खाली असतो, पण ऊन चढलं की दरीतली हवा उताराने वर येते. वाऱ्याची चाहूल लागली की काम आवरतं घ्यावं, आणि निदान दहा वेगवेगळ्या सकाळींचा आकडा एकमेकांशी जुळल्याशिवाय तो वापरू नये.

जमिनीवरचा प्रकाश

सातच्या प्रश्नाचं उत्तर जमिनीवरच शोधावं लागतं. नेफेलोमीटर हवा एका अंधाऱ्या नळकांड्यात ओढतो आणि उधळलेला प्रकाश जवळजवळ सगळ्या दिशांनी मिळून मोजतो. "जवळजवळ" म्हणायचं कारण, अगदी समोरच्या काही अंशांतला प्रकाश त्याला दिसत नाही. धुरासारख्या बारीक कणांना त्यामुळे काही टक्क्यांचीच चूक येते, धुळीला ती बरीच मोठी असते, कारण जाड कण प्रकाश मुख्यतः समोरच फेकतात. कॅलिब्रेशन गाळलेली हवा आणि कार्बन डायऑक्साइड या दोन वायूंवर होतं. कार्बन डायऑक्साइड हवेच्या २.६ पट प्रकाश उधळतो, तो फरक यंत्राला दाखवायचा.

या प्रकरणाची खरी किल्ली म्हणजे एकाच हवेचं कोरडं आणि ओलं असं दोनदा मोजमाप. एका नळीत आर्द्रता ४० टक्क्यांखाली आणायची, दुसरीत मुद्दाम ८५ पर्यंत चढवायची. ५२५ नॅनोमीटरला कोरडं वाचन २५० प्रति मेगामीटर (दहा लाख मीटर वाटेमागे प्रकाश किती अडतो त्याचं एकक) आणि ओलं ४२५ आलं असं धरू. गुणोत्तर १.७. उधळणीची वाढ १ + गुणांक × आर्द्रता ÷ (१ − आर्द्रता) अशी बसवली तर गुणांक ०.१२४ येतो, आणि ९० टक्क्यांसाठी गुणोत्तर २.१. सेन्सरही उधळलेला प्रकाशच मोजत असल्याने १८० ला थेट २.१ ने भागता येतं. उत्तर ८५ च्या आसपास. इथं कप्पा किती ते गृहीत धरावं लागलं नाही, हवेनेच सांगितलं. एक तडजोड शिल्लक आहे ती अशी की नेफेलोमीटर हिरव्या प्रकाशात बघतो आणि सेन्सर लाल, त्यामुळे या ८५ ला दहा-पंधराचा पदर दोन्ही बाजूंनी धरावा.

कोरडं करायला नळी तापवणं हा सोपा मार्ग, आणि इथंच जास्त चुका होतात. हिवाळ्यातल्या कणांत अमोनियम नायट्रेट असतं आणि ते उष्णतेने वायू होऊन उडून जातं. पाणी घालवायला गेलो आणि कणच घालवला. सिलिका जेलची नळी किंवा आर्द्रता शोषणारी पडद्याची नळी वापरावी. जेल गुलाबी किंवा रंगहीन पडलं की बदलावं, आणि ऊसपट्ट्यातल्या दमट पहाटेत ते वाटतं त्यापेक्षा लवकर संपतं. हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या जाळीवर त्याच काळ्या चिप्प्या साठतात. चिप्पी सायक्लोनच्या (हवा गरगर फिरवून जाड कण वेगळे काढणाऱ्या भागाच्या) पुढे जात नाही हे खरं, पण जाळी तुंबून प्रवाह घटतो आणि प्रवाह घटला की सायक्लोन २.५ ऐवजी त्याहून जाड कण आत सोडायला लागतो. म्हणून हंगामात जाळी रोज बघायची.

दृष्टिपल्ल्यावरून एक झटपट पडताळा होतो. ओल्या हवेत उधळण ५२५ (२५० × २.१), शोषण ५३, हवेचे रेणू १२, मिळून ५९० प्रति मेगामीटर. दृष्टिपल्ल्याच्या सूत्रातल्या ३.९१२ या स्थिरांकाला याने भागलं की पल्ला ६.६ किलोमीटर. हेच कण कोरडे असते तर १२.४. मिरजेच्या बाजूला गच्चीवर उभं राहणाऱ्याला हे यंत्राविनाही कळतं. दंडोबाचा डोंगर सकाळी नाहीसा होतो आणि अकराला पुसट का होईना, दिसू लागतो.

काळा कण

वरचे ५३ आले एथॅलोमीटरवरून. या यंत्रात हवा एका फीतीतून ओढली जाते, फीतीवर काळा ठिपका साचतो आणि ३७० पासून ९५० नॅनोमीटरपर्यंत सात तरंगलांब्यांवर तो किती प्रकाश गिळतो ते मोजलं जातं. ठिपका जसा गडद होतो तसं वाचन कमी पडत जातं, म्हणून नव्या यंत्रांत वेगवेगळ्या प्रवाहाचे दोन ठिपके शेजारी ठेवून ती तूट भरून काढतात. फीतीचा प्रकार बदलला की तिचा गुणकही बदलावा लागतो. एका फीतीला १.५७, दुसरीला १.३९. नवी फीत घालून जुनाच गुणक ठेवला तर वाचन बारा-तेरा टक्क्यांनी चुकतं आणि महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही.

डिझेलची काजळी सगळ्या रंगांचा प्रकाश गिळते, तिचा शोषण घातांक १ च्या आसपास. पाचट, चिपाड, लाकूड यांच्या धुरात तपकिरी सेंद्रिय भाग असतो, तो निळा आणि अतिनील प्रकाश जास्त गिळतो, म्हणून त्याचा घातांक २ च्या दिशेने चढतो. आपल्या नमुन्यात ४७० ला ६२ आणि ९५० ला २३ प्रति मेगामीटर. घातांक १.४१. डिझेलला १ आणि जैविक धुराला २ धरून दोन समीकरणं सोडवली तर ९५० वरच्या शोषणात जैविक धुराचा वाटा ३३ टक्के येतो. आता २ च्या जागी १.७ घ्या, तोही तितकाच समर्थनीय आहे. वाटा एकदम ५२ टक्के होतो. "एक तृतीयांश ते निम्मा" एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं, आणि तोही प्रकाश गिळण्यातला वाटा, वजनातला नाही.

शिवाय पाचट, गुऱ्हाळाची चूल आणि कारखान्याचा बॉयलर, तिघांचं जळण उसाचंच. प्रकाश त्यांच्यात भेद करू शकत नाही. भेद करायला घड्याळ आणि वारा लागतो. हिवाळ्यात रात्री जमिनीलगत गार हवेचा पातळ थर बसतो आणि वर उबदार हवेचं झाकण. गुऱ्हाळाचं धुराडं आणि पेटलेलं पाचट या झाकणाखाली असतं, कारखान्याची उंच चिमणी बऱ्याचदा त्याच्या वर धूर सोडते. म्हणून संध्याकाळी सहा ते नऊ आणि पहाटे चढलेला शोषण घातांक पाचट-गुऱ्हाळाकडे बोट दाखवतो, आणि ऊन चढून झाकण फुटताना, नऊ-दहाच्या सुमारास अर्धा-एक तास येणारा छोटा उंचवटा वर अडकलेला धूर खाली मिसळल्याची खूण असतो. उंचवट्यावर वाऱ्याची दिशा जुळली तरच ते विधान करावं.

उधळण आणि शोषण दोन्ही हातात आल्यावर आणखी एक गुणधर्म मिळतो. अडवलेल्या एकूण प्रकाशापैकी किती उधळला याचं प्रमाण. कोरड्या कणांसाठी २५० ÷ ३०३ = ०.८३, ओल्यांसाठी ५२५ ÷ ५७८ = ०.९१. तेच कण, फक्त पाणी चढलेलं. हवामानाच्या हिशेबात या फरकाला फार वजन आहे, कारण कमी आकड्याचे कण स्वतः तापून हवा तापवतात. म्हणून हा आकडा सांगताना किती आर्द्रतेला, हे सोबत सांगितलंच पाहिजे. एरोनेटच्या पद्धतीत हाच गुणधर्म आकाशाच्या वेगवेगळ्या कोनांतल्या उजेडावरून काढतात. पण त्यासाठी ४४० ची एओडी ०.४ च्या वर आणि सूर्य माथ्यापासून ५० अंशांहून जास्त कललेला लागतो, आणि तरीही ±०.०३ ची चूक राहतेच.

सगळं एकत्र मांडल्यावर

सकाळी सातच्या १८० पैकी सुमारे ९५ हे पाणी आहे. धुक्याचं मत इथपर्यंत बरोबर. उरलेले ८५ खरे कण आहेत, बारीक आहेत आणि त्यांच्यातल्या काळेपणाचा एक तृतीयांश ते निम्मा भाग जैविक धुराचा आहे. धुराचं मतही बरोबर.

मग "उन्हं आली की जातं" याचं काय? एओडी साडेआठला ०.४२, दहाला ०.४५, एकला ०.४६. सेन्सर १८० वरून ५० वर आला, पण आभाळभर कणांची जाडी तसूभरही घटली नाही, उलट थोडी वाढली. सकाळचा थर २०० मीटरचा धरला तर जमिनीच्या एका चौरस मीटरवर ८५ × २०० = १७ मिलिग्रॅम कण. दुपारी थर १५०० मीटर, ५० × १५०० = ७५ मिलिग्रॅम. कण गेले नाहीत, पसरले. दिवसभरातला नवा धूर आणि धूळ, आणि वरच्या हवेत आधीच असलेले कण त्यांत मिसळले. संध्याकाळी झाकण परत बसलं की जमिनीजवळ नव्याने कोंडमारा सुरू होतो.

२०० आणि १५०० हे आकडे मात्र लायडार किंवा सीलोमीटरने मोजायला हवेत. लेसरची अगदी क्षणभराची झळक वर सोडायची आणि परतीचा प्रकाश किती वेळाने येतो ते बघायचं, एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर उंची. अडचण अशी की बऱ्याच लायडारना खालचे शंभर-दोनशे मीटर नीट दिसत नाहीत, कारण तिथे झोत आणि दुर्बिणीचं क्षेत्र पुरतं एकमेकांवर आलेलं नसतं. सांगलीचा सकाळचा थर नेमका तेवढाच. लायडार नसेल तर गच्चीवर आणि जवळच्या उंच टाकीवर एकेक थर्मामीटर ठेवला तरी झाकण कधी फुटलं ते समजतं.

शेवटचा पडताळा प्रकाशाने होत नाही, तराजूनेच होतो. मिनिटाला १६.७ लिटरने २४ तास हवा ओढली की २४ घनमीटर होतात. टेफ्लॉनचा फिल्टर आधी आणि नंतर २० ते २३ अंश तापमानात आणि ३० ते ४० टक्के आर्द्रतेत चोवीस तास ठेवून एक मायक्रोग्रॅमपर्यंत वाचणाऱ्या काट्यावर तोलायचा. वजन १.४४ मिलिग्रॅमने वाढलं तर दिवसाची सरासरी ६०, आणि २४ तासांच्या पीएम २.५ चं भारतीय मानकही ६० च आहे. सातच्या एका तासाचा आकडा या मानकाशी ताडणं चूक, मग तो १८० असो की ८५. गळीत हंगामात निदान आठवड्यातून दोन फिल्टर, एक ओल्या पहाटेच्या दिवशी आणि एक कोरड्या वाऱ्याच्या दिवशी, घेऊन सेन्सरच्या दुरुस्त केलेल्या चोवीस तासांच्या सरासरीशी ताडावेत. दोन्ही प्रकारच्या दिवशी गुणोत्तर सारखं आलं तर आर्द्रतेची दुरुस्ती जमली. ओल्या दिवशी सेन्सर अजूनही वर राहत असेल तर गुणांक ०.१२४ वरून वाढवावा लागेल, आणि कोरड्या दिवशी तो खाली पडत असेल तर हळदीच्या किंवा रस्त्याच्या जाड धुळीकडे तो काणाडोळा करतो आहे. त्या दिवशीचा अँगस्ट्रॉम घातांक एकाच्या खाली उतरलेला दिसला, की ही दुसरी शंका खरी समजून सेन्सरशेजारी पीएम १० चा फिल्टरही लावावा.